जुनी गाडी चांगली की नवी? गाडीच्या रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद अनेकदा रंगतो आणि कुठेच पोचत नाही, कारण एक जण पत्र्याबद्दल बोलत असतो, दुसरा मायलेजबद्दल आणि तिसरा टचस्क्रीनवर चिडलेला असतो. गाडी म्हणजे एक वस्तू नाही. सांगाडा, इंजिन, ब्रेक, वायरिंग, चालकापुढची बटणे या प्रत्येक भागाचा निकाल वेगळा लागतो. म्हणून खालची उत्तरे भागवार दिली आहेत.

‘जुनी’ म्हणजे नेमकी कोणती?

इथे तीन पिढ्या धरल्या आहेत. पहिली साधारण १९७५ पर्यंतची: हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, ठिणगी पाडायला पॉइंट-कंडेन्सरचे इग्निशन, संगणक नाही. दुसरी १९८८ ते २००५ च्या आसपासची: पेट्रोलचे इंजेक्शन, एबीएस (चाके जाम होऊ न देणारे ब्रेक), एअरबॅग, पण बटणे आणि नळ्या-तारा अजून हाताच्या आवाक्यात. तिसरी २०१२ नंतरची: थेट इंजेक्शन, टर्बो, कॅमेरे, रडार, टचस्क्रीनचा पडदा आणि डझनावारी कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक. ‘जुन्या गाड्या भारी होत्या’ असे म्हणणारे बरेच लोक मनात दुसरी पिढी धरून बोलतात आणि फोटो मात्र पहिलीचा दाखवतात.

जुन्या गाडीचा पत्रा जाड होता. मग ती जास्त सुरक्षित नाही का?

नाही. या एका मुद्द्यावर वादाला जागाच नाही.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ते-सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू एकमेकींवर समोरून, एका बाजूने आदळवल्या. दोन्हींचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर. वजनात फार फरक नव्हता. बेल एअरची केबिन चिरडली गेली, डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्यावर आले. त्या जागी माणूस असता तर वाचण्याची शक्यता फार कमी होती. मॅलिबूची पुढची बाजू पार गेली, पण केबिन शाबूत राहिली आणि मापनांप्रमाणे चालकाला फार तर पायाला दुखापत झाली असती.

कारण साधे आहे. ताशी ५६ किलोमीटरने जाणारी गाडी थांबताना पुढचा भाग ६० सेंटीमीटर दबला, तर आतल्या माणसावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट जोर येतो. गाडी इतकी कडक असेल की ती २० सेंटीमीटरच दबेल, तर तोच जोर साठपट होतो. जाड, न वाकणारा पत्रा हा धक्का शोषत नाही, आतल्या माणसाकडे पाठवतो. बेला बारेनी या अभियंत्याने मर्सिडीजमध्ये १९५१ मध्ये याच तत्त्वावर पेटंटचा अर्ज केला होता: पुढचा-मागचा भाग मऊ, मधली केबिन कडक. १९५९ च्या डब्ल्यू १११ मालिकेत ते प्रत्यक्षात आले. त्याच वर्षी व्होल्वोमध्ये नील्स बोलिन यांचा तीन जागी अडकणारा सीटबेल्ट आला आणि व्होल्वोने ते पेटंट इतरांना वापरू दिले.

पत्रा ‘जाड’ हे मोजमापही फसवे आहे. बाहेरचा पत्रा आता ०.७ मिलिमीटरच्या आसपास असतो, पूर्वी एकच्या आगेमागे असे. पण आजच्या केबिनचे खांब गरम असतानाच दाबून घडवलेल्या बोरॉन पोलादाचे असतात आणि त्यांची ताकद साध्या पोलादाच्या जवळजवळ पाचपट असते. बोट दाबून बाहेरचा पत्रा तपासणाऱ्याला हे खांब दिसतच नाहीत.

पण छोट्या धक्क्यात जुन्या गाडीला काही होत नसे. नव्या गाडीचा बंपर तर लगेच फुटतो.

ही तक्रार खरी आहे. पूर्वीचा बंपर पोलादी पट्टी होता, ठोकून सरळ करता यायचा. आज दिसतो तो बंपर म्हणजे नुसते प्लास्टिकचे आवरण. त्यामागे फोम आणि त्यामागे खरी तुळई. आवरणात पार्किंगचे सेन्सर, कधी रडार. अमेरिकेत १९७३ पासून बंपरने ताशी ८ किलोमीटरचा धक्का झेलावा असा नियम होता, १९८२ मध्ये तो अर्ध्यावर आणला गेला. चालण्याच्या वेगाच्या धक्क्यासाठी आजची रचना वाईट आहे, असे बिनधास्त म्हणा. तुळई मात्र तपासून घ्या. आवरण लवचीक असल्याने परत जागेवर येते आणि मागे फोम फुटलेला, तुळई वाकलेली राहते.

जुन्या गाड्या जास्त टिकायच्या, हे खरे का?

आज रस्त्यावर दिसणारी पन्नास वर्षांपूर्वीची गाडी म्हणजे भंगारात गेलेल्या तिच्या असंख्य भावंडांतून उरलेली गाडी आहे. जपलेली, छपराखाली ठेवलेली, दोन-तीनदा इंजिन उघडलेली. मेलेल्या गाड्या वादात भाग घ्यायला येत नाहीत.

त्या काळच्या बहुतेक किलोमीटर मीटरवर पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. बनवणाऱ्यांचीच अपेक्षा तिथपर्यंत होती. आज दोन लाख किलोमीटर चाललेले, कधी न उघडलेले इंजिन नवलाचे नाही. याचे श्रेय धातूइतकेच इंधनाच्या मापाला आहे. थंड कार्ब्युरेटर चोकवर गरजेपेक्षा खूप जास्त पेट्रोल ओतायचा. ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळायचे आणि रिंगा कोरड्या घासल्या जायच्या. दर सकाळी. इंजेक्शनने ही झीज कमी केली. जोडीला चांगले ऑइल, चांगला एअर फिल्टर आणि अचूक होनिंग, म्हणजे सिलिंडरची आतली घासाई.

गंजाचेही तसेच. पत्रा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या भाराने प्रायमर चढवणे, पोकळ भागांत मेण मारणे, जस्ताचा थर देणे हे सगळे १९७० नंतर हळूहळू रुळले. पोर्शेने ९११ ला १९७० च्या दशकाच्या मध्यात आणि आउडीने ‘१००’ या मॉडेलला १९८५ मध्ये पूर्ण जस्ताचा मुलामा दिला. त्याआधीच्या किती तरी गाड्या आतून बाहेर गंजत. रंगाखाली फोड दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असे.

मात्र ‘टिकणे’ आणि ‘टिकवता येणे’ यात फरक आहे. पहिली पंधरा वर्षे नवी गाडी सहसा फार काही मागत नाही. पंचविसाव्या वर्षी तिचे एखादे कंट्रोल युनिट मेले आणि ते मिळेनासे झाले, तर चांगले इंजिन असलेली गाडी उभी राहते. जुन्या गाडीत असा सुटा भाग लेथवर बनवून घेता येतो.

जुन्या गाडीची देखभाल खरंच सोपी होती का?

प्रत्येक काम सोपे होते. कामे फार होती. काही हजार किलोमीटरला ऑइल, त्याहून लवकर ग्रीसिंग, टॅपेट सेट करणे, पॉइंट घासणे, कार्ब्युरेटरची घडी बसवणे, ड्रमचे ब्रेक आवळणे. ज्याच्याकडे पाने-पक्कड आणि रविवार आहे त्याला यात आनंद आहे.

पॉइंटचे उदाहरण घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात पॉइंटची फट साधारण ०.४० मिलिमीटर असते, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि रोटर काढा. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवा. फीलर गेजची पाती फटीत हलकी ओढत सरकली पाहिजे. स्क्रू सैल करून फट जुळवा, आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना फट हमखास सरकते. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात मारा. जास्त ग्रीस उडून पॉइंटवर गेले तर गाडी मिसिंग मारते.

फट आधी, टायमिंग (ठिणगीची वेळ) नंतर. हा क्रम उलटला की काम वाया जाते. टाच झिजते तशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. म्हणजे गाडी रोज थोडी मंद होत जाते आणि चालवणाऱ्याला कळतही नाही. पॉइंट निळे-काळे जळालेले दिसले तर त्यांना दोष देऊ नका, कंडेन्सर बदला.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये झिजायला हे काहीच नाही. प्लग लाख किलोमीटर जातात. कोणती रचना चांगली, याचे उत्तर यातच आले.

कार्ब्युरेटर साधा असतो, म्हणून भरवशाचा नाही का?

साधा तो दिसतो. आत फ्लोटची पातळी, मेन जेट, आयडल जेट, एअर करेक्टर, पॉवर व्हॉल्व्ह, अॅक्सिलरेटर पंप अशी मंडळी असतात आणि सगळी एकमेकांच्या चुका झाकतात. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवेचे तापमान, उंची, इंजिनाची उष्णता बदलली की ठरावीक भोकाच्या जेटला ते प्रमाण राखता येत नाही. म्हणून घाटात चढल्यावर गाडी धूर सोडते, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर उचलत नाही.

इंजेक्शनमध्ये सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची चूक सतत कळवतो आणि युनिट ती लगेच सुधारते. या बंद साखळीमुळेच धुरातले घातक वायू निवळणारा, तीन कामे करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शक्य झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या म्हणण्यानुसार १९६० च्या दशकाच्या तुलनेत आजच्या गाडीच्या धुरातले बहुतेक घातक घटक ९८ ते ९९ टक्क्यांनी कमी आहेत.

कार्ब्युरेटरच्या बाजूने एकच गोष्ट: तो मेला तरी अर्धामेला मरतो. गाडी धापा टाकत घरी येते. इंजेक्शनच्या गाडीतला क्रँक सेन्सर गेला की ती आहे तिथे थांबते.

आजच्या पेट्रोलवर जुनी गाडी चालवता येते का?

येते, पण तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, शिसे. जुन्या पेट्रोलमधले शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरायचे. २०२१ पासून जगात कुठेच रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल विकले जात नाही. मऊ बिडाच्या बैठका जोरात, दीर्घकाळ चालवल्यावर खचतात. खूण अशी की टॅपेटची फट दर वेळी कमी झालेली सापडते. शांत चालवणाऱ्यांनी घाई करू नये. हेड कधी उघडलेच तर कडक बैठका बसवून घ्याव्यात.

दुसरी, इथेनॉल. ते जुने रबर फुगवते आणि कडक करते, टाकीतला जुना गंज सोडवून फिल्टरमध्ये आणते, पाणी ओढून जस्ताच्या मिश्रधातूचा कार्ब्युरेटर खाते आणि मिश्रण थोडे पातळ करते. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या फ्लोरोइलास्टोमरच्या, म्हणजे व्हिटॉन जातीच्या घ्या. पंपाचा पडदा आणि फ्लोटच्या सुईचे टोकही त्याच दर्जाचे घ्या. जुनी नळी वाकवून पाहा: भेगा दिसल्या तर तीच गाडीला आग लागण्याची जागा आहे. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा.

तिसरी ऑइल. सपाट टॅपेटच्या कॅमला झिंक आणि फॉस्फरसचे संरक्षण लागते. नव्या पातळ ऑइलमध्ये कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणलेले असते. जुन्या इंजिनासाठी २०डब्ल्यू-५० सारखे, झिंक जास्त असलेले ऑइल घ्या. कूलंटही जुन्या पद्धतीचा, दर दोन वर्षांनी बदलायचा. दीर्घायुषी सेंद्रिय कूलंट पितळी रेडिएटरच्या सोल्डरच्या डागांशी आणि जुन्या गॅस्केटशी नेहमीच पटवून घेत नाही.

ब्रेकमध्ये कितपत फरक पडला?

प्रचंड, आणि लोक त्याबद्दल फार कमी बोलतात. चारही चाकांना ड्रम असलेली गाडी उतारावर तीन-चारदा जोरात थांबवली की ड्रम तापून फाकतो, लायनिंगची पकड जाते, पेडल खाली जाते. शिवाय अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच हायड्रॉलिक मार्ग होता. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. दुहेरी मास्टर सिलिंडर १९६० च्या दशकाच्या शेवटी सर्रास झाला. एबीएस बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणले, घसरण आवरणारे ईएसपी १९९५ मध्ये. एबीएसचा खरा उपयोग अंतर कमी करण्यात नाही, तर पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येण्यात आहे.

ब्रेक फ्लुइड मात्र नव्या-जुन्या दोन्हींत हवेतले पाणी पिते. डॉट ४ दर्जाचे फ्लुइड नवे असताना किमान २३० अंशाला उकळते, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. दोन वर्षांनी बदला. जुने ड्रम उघडताना आतली भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने पुसा.

मग नव्या इंजिनात बिघडते काय?

थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जाते. इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर ते पडतच नाही, त्यामुळे ऑइलच्या वाफांची काजळी तिथे साचत राहते. साधारण ८० हजार किलोमीटरनंतर थंड इंजिन थरथरते, पिकअप पडतो. पेट्रोलमध्ये टाकायचे क्लीनर तिथे पोचतच नाही. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुशाचा मारा हाच खात्रीचा उपाय. काही कंपन्यांनी दोन्ही जातींचे इंजेक्टर बसवून हा प्रश्न सोडवला, ही खरी चांगली रचना.

डिझेलच्या गाडीत काजळीचा फिल्टर भरला की तो सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून जाळला जातो. रोज चार किलोमीटर चालणारी गाडी ते तापमान गाठतच नाही. जाळणे अर्धवट राहिले की जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, लगेच ऑइल बदला. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे मोठ्या रस्त्यावर सलग चालवा, नाहीतर पेट्रोल गाडी घ्या.

ऑइलमध्ये बुडून चालणारा टायमिंग बेल्ट ही अलीकडची सर्वात न पटणारी कल्पना. घर्षण थोडे कमी होते, पण चुकीचे किंवा पेट्रोल मिसळलेले ऑइल बेल्टचे रबर झडवते. ते तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि बेल्ट तुटण्याआधीच बेअरिंग संपतात. असा बेल्ट असेल तर कंपनीने सांगितलेले ऑइलच वापरा आणि बदलण्याची मुदत लांबवू नका.

प्लास्टिकच्या थर्मोस्टॅट हाउसिंगबद्दल फार लिहायला नको. गरम-थंड होऊन ते ठिसूळ होते. कूलंटची पातळी डोळ्यांनी बघत राहा.

‘आयुष्यभराचे’ गिअरबॉक्स ऑइल खरोखर बदलायचे नसते का?

बदला. कुणाच्या आयुष्याबद्दल ते बोलत आहेत, हे सांगितलेले नसते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल ६० ते ८० हजार किलोमीटरला, फिल्टरसह.

टचस्क्रीनला लोक उगाच नावे ठेवतात का?

उगाच नाही. स्वीडनच्या ‘व्ही बिलेगारे’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने ठरावीक चार कामे करायला लागणारा वेळ मोजला. बटणांच्या २००५ च्या व्होल्वो व्ही ७० मध्ये १० सेकंद लागले. सर्वात वाईट ठरलेल्या पडद्याच्या गाडीत ४४.६ सेकंद, म्हणजे तेवढ्यात तिने १.३ किलोमीटरहून जास्त अंतर कापले. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून गुणांकनात इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांसाठी स्वतंत्र हाताळणी मागितली आहे.

बटण हाताला न बघता सापडते, पडद्यावरचे चौकोन सापडत नाहीत. पडदा नकाशाला आणि मागच्या कॅमेऱ्याला उत्तम, काच पुसायला आणि वारा फिरवायला वाईट. इथे जुनी रचना निर्विवाद वरचढ आहे. नव्या रचनेत पैसा वाचला तो बनवणाऱ्याचा.

नव्या गाडीतून बाहेरचे कमी का दिसते?

काचेच्या कडेचा पुढचा खांब जाड झाला. गाडी उलटली तर छप्पर पेलायचे, आत बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग लपवायची. दरवाजे उंच झाले, खिडक्या बारीक झाल्या, मागची काच तर फटीएवढी. खांबामागे अख्खी दुचाकी लपू शकते. वळणावर मान पुढे-मागे हलवून बघणे हा एकच उपाय. मागचा कॅमेरा ही त्या वाईट मागच्या काचेवरची मलमपट्टी आहे, पण ठीक मागे उभे असलेले लहान मूल जुन्या गाडीच्या आरशातही दिसत नसे.

गाड्या इतक्या मोठ्या आणि एकसारख्या का झाल्या?

१९५९ ची मिनी ३.०५ मीटर लांब होती. अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे घालून, चाके दहा इंचांची ठेवून चार माणसे तेवढ्यात बसवली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच मांडणीवर आहेत. १९७४ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ ३.७ मीटर आणि साधारण ८०० किलो. आठवी गोल्फ ४.२८ मीटर आणि १,२०० किलोच्या वर. धडक शोषणारी लांबी, बाजूच्या धडकेसाठी रुंदी, आवाज अडवणारा माल, एअरबॅग, मोटारी. काही वजन जीव वाचवते, काही नुसते खुर्ची गरम करते.

एकसारखेपणा वाऱ्यामुळे. वाऱ्याचा अडथळा मोजणारा गुणांक बीटलचा ०.४८ च्या आसपास, १९५५ च्या सिट्रोएन डीएसचा ०.३८ च्या आसपास, मर्सिडीज ईक्यूएसचा ०.२०. वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. सगळ्यांना वाऱ्याच्या चाचणीचा बोगदा एकच उत्तर देत असेल, तर चेहरे सारखे होणारच. पादचाऱ्याचे डोके आपटल्यावर बॉनेट दबायला खाली मोकळी जागा लागते, म्हणून नाकही उंच झाले. बॉनेटवरचे धारदार शोभेचे पुतळे गेले, ते बरेच झाले.

स्कॅनर लावला की बिघाड कळतो, मग नवी गाडी दुरुस्त करायला सोपी नाही का?

स्कॅनर लक्षण सांगतो, भाग सांगत नाही. पी०१७१ हा कोड म्हणजे मिश्रण पातळ आहे. एवढ्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ भेटतात. आधी इनटेकच्या नळ्यांत गळती बघा, मग हवेचे माप घेणारा सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरने साफ करा, मग पेट्रोलचा दाब मोजा. आयडलवर मिश्रण पातळ आणि मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर ठीक, तर गळती. उलट असेल तर पंप किंवा फिल्टर. सेन्सर बहुधा खरे बोलत असतो.

जुन्या गाडीत हे नाक आणि कान करत. ते शिकायला वर्षे लागतात. खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे: काच बदलली तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, बॅटरी बदलली तर काही गाड्यांत तिची नोंद, सुटा दिवा नाही तर अख्खा हेडलॅम्प. पूर्वीचा सात इंची गोल सीलबंद दिवा किती तरी गाड्यांना एकच बसायचा.

नवी गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी का उतरते?

गाडी बंद असतानाही युनिट जागी असतात. झोपलेल्या गाडीचा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीला तेवढ्याने सुरू होण्याची अडचण यायला साधारण महिना लागतो. ५०० मिलिअँपिअर खात असेल तर तीन दिवस.

मोजायचे असे. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर, बॅटरीच्या ऋण टर्मिनलच्या रांगेत. दरवाजाचे कुलूप स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत अडकवा, म्हणजे दरवाजा उघडा असून गाडीला बंद वाटेल. किल्ली लांब ठेवा. चाळीस मिनिटे थांबा. घाई केली तर जाग्या युनिटचा आकडा मिळतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. फ्यूज एकेक उपटण्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. उपटून परत बसवला की युनिट पुन्हा जागे होते आणि मोजणी बिघडते.

सर्वात चांगल्या रचनेचा काळ कोणता?

एकच निवडायचा तर १९९५ ते २००५. गंजापासून संरक्षण, बंद साखळीचे इंजेक्शन, एबीएस, एअरबॅग, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचा, स्कॅनर लावायचा सोळा पिनांचा ओबीडी-२ सॉकेट आणि सगळी कामे बटणांवर. पण या काळालाही खोडी आहेत: युनिटमधले कपॅसिटर गळतात, काही युरोपीय गाड्यांच्या वायरिंगचे आवरण भुगा होते, आणि टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधले अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत बिघडून फुगताना धातूचे तुकडे उडवू शकते. गाडीचा चेसिस क्रमांक घालून रिकॉल तपासल्याशिवाय या काळातली गाडी चालवू नका. ईएसपी असलेलीच शोधा.

जुन्या गाडीत कोणते बदल खरोखर उपयोगी?

पॉइंटऐवजी हॉल सेन्सरचे (चुंबकाने चालणारे) इग्निशन. आधी कॉइलचा रोध मोजा, बहुतेक किटना सुमारे तीन ओहम चालतो. डायनमोऐवजी अल्टरनेटर. दुहेरी मास्टर सिलिंडर. हेडलॅम्पला रिले, म्हणजे बॅटरीतून थेट प्रवाह देणारा वेगळा स्विच: जुन्या रचनेत सगळा प्रवाह स्विचमधून जातो, दिव्यापाशी दीड-दोन व्होल्ट कमी पोचतात. बॅटरी आणि दिवा यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आणा, तोच दिवा नवा वाटेल.

सीटबेल्ट बसवताना नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट लावू नका. मागे जाड, रुंद प्लेट वेल्ड करा, नाहीतर झटक्याने बोल्ट पत्रा फाडून येतो. रेडिअल टायर एका अॅक्सलवर क्रॉसप्लायबरोबर कधीच मिसळू नका. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब, मोठा कार्ब्युरेटर, रुंद टायर हे तिन्ही टाळा: पहिला समोरच्याला आंधळे करतो, दुसरा पेट्रोल पितो, तिसरा स्टीअरिंग जड करतो.

घेताना काय तपासावे?

जुन्यात आधी पत्रा, मग इंजिन. इंजिन बदलता येते, गंजलेला सांगाडा परवडत नाही. फडक्यात गुंडाळलेले चुंबक दरवाजाखालच्या सिलवर, चाकांच्या कमानीवर आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांवर फिरवा. पकड सुटली तिथे पुट्टी आहे. चटई उचला. जॅक लावायच्या जागा आणि स्प्रिंगचे आधार खालून टॉर्चने बघा. इंजिन थंड आहे याची हाताने खात्री करूनच सेल्फ मारा. रेस सोडल्यावर निळा धूर म्हणजे व्हॉल्व्ह गाइड, रेस देताना निळा म्हणजे रिंगा. कॉम्प्रेशनमध्ये सिलिंडरांचा आपसांतला फरक दहा-पंधरा टक्क्यांत हवा. टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक आठवडा आणि वर्ष सांगतो. दहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी काढा.

नव्यात इग्निशन चालू करताना इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही त्याचा संशय धरा, कुणी तरी तो बंद केलेला असू शकतो. स्कॅनरवर कोड नाहीत एवढ्याने समाधान मानू नका. गाडी स्वतःच घेते त्या चाचण्यांचा ‘रेडिनेस’ चा पडदा उघडा. त्यातल्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर एक तर बॅटरी नुकतीच काढली होती किंवा कोड आज सकाळीच पुसले आहेत. अशी गाडी दोन-तीन दिवस, थंड सुरुवात आणि मोठा रस्ता धरून, चालवून झाल्यावर पुन्हा स्कॅन करायला मागा. विकणारा नको म्हणाला तर पुढची गाडी बघा.